बाबांचं केशरी कार्ड आणि एक स्टेंट

गेले दोन महिने नातेवाईक, शेजारी, ऑफिसातले सगळे एकच विचारतायत, बाबांची अँजिओप्लास्टी सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून झाली म्हणे, कशी झाली, कागद काय लागले, खरंच एक रुपया नाही लागला का. प्रत्येकाला फोनवर अर्धा अर्धा तास सांगून माझाच घसा बसलाय म्हणून एकदाच लिहून टाकते. लांबलं तर लांबलं, ज्याला हवं त्याने वाचावं.

मी कळव्याला राहते, माहेर लोकमान्य नगरला. बाबा वागळे इस्टेटमध्ये एका कंपनीत फिटर होते, आधी उभं राहून राहून गुडघे गेले आणि मग कंपनीच गेली, त्यानंतर घोडबंदर रोडच्या एका टॉवरला वॉचमन. आता वय ६७. कंपनी होती तोवर ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड होतं, कंपनीबरोबर तेही गेलं. माझ्या ऑफिसच्या मेडिक्लेममध्ये मी, नवरा आणि पोरं, आईवडील नाहीत. तीन वर्षांपूर्वी बाबांसाठी वेगळी पॉलिसी बघायला एका एजंटकडे गेले होते तर शुगर आहे म्हटल्यावर त्याने प्रीमियमही वाढवून सांगितला आणि वर आधीच्या आजारांना काही वर्षं थांबावं लागेल म्हणाला, आम्ही त्याचा चहा पिऊन परत आलो. म्हणजे आजारपणाची तयारी म्हणाल तर आईच्या डब्यातले पैसे आणि माझं क्रेडिट कार्ड.

जानेवारीतला शुक्रवार. रात्री साडेअकराला आईचा फोन, बाबांना घाम फुटलाय आणि जबडा दुखतोय. जबडा म्हटल्यावर मला दाताचं काहीतरी वाटलं. आईचा तोवर ओवा देऊन झाला होता, सोडा देऊन झाला होता, कारण आमच्याकडे छातीतलं सगळं दुखणं गॅसच असतं. आम्ही दोघं बाईकवरून खाडीपूल ओलांडून पोचेपर्यंत शेजारच्या दादांनी बाबांना कोपऱ्यावरच्या नर्सिंग होमला नेलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, चघळायला गोळ्या दिल्या आणि मला बाजूला घेऊन विचारलं, मेडिक्लेम आहे का. नाही म्हटलं. मग म्हणाले, रेशनकार्ड कुठल्या रंगाचं?

बाप आत कॉटवर घामाने भिजलेला आणि हा माणूस मला रेशनकार्डाचा रंग विचारतोय, रागच आला मला. केशरी म्हटलं तर म्हणाले, मग सरळ योजनेतल्या हॉस्पिटलला न्या, आधी भलतीकडे भरती करून मग हलवाहलव करत बसू नका, आणि स्वतः १०८ ला फोन लावला. आमच्याकडून ईसीजीचे ७०० रुपये घेतले फक्त. त्या डॉक्टरांना मी नंतर पेढे नेऊन दिले.

योजना म्हणजे महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना. जुनी माणसं अजून राजीव गांधी जीवनदायी म्हणतात, तीच ही, २०१७ मध्ये नाव बदललं. आमच्या घरात तिचं एक दुखणं आहे. आत्याच्या मिस्टरांचं बायपास २०१३ च्या सुरुवातीला झालं, ते वाशीला राहायचे. योजना २ जुलै २०१२ ला सुरू झाली तेव्हा पहिल्यांदा आठच जिल्हे होते, त्यात मुंबई होती, रायगड होता, ठाणे नव्हतं. म्हणजे तिकडे पनवेलवाल्याला मिळणार आणि वाशी ठाणे जिल्ह्यात म्हणून आत्याला नाही. आत्याने गावची जमीन काढली. आपल्याकडे योजना आली त्याच वर्षी नोव्हेंबरात, राज्यभर सुरू झाली तेव्हा. आत्या अजून म्हणते दहा महिने कळ काढली असती त्यांच्या छातीने तर जमीन राहिली असती.

तर हॉस्पिटल. नाव लिहीत नाही, विचारूही नका. कॅज्युअल्टीत बाबांना घेतलं, ते चांगलं घेतलं, त्याबद्दल तक्रार नाही. रक्तात ट्रोपोनिन वाढलेलं, अटॅक आहे पण छोटा, आत्ता स्थिर आहेत, अँजिओग्राफी करून बघावं लागेल असं डॉक्टर म्हणाले. बिलिंग काउंटरवर मात्र ५० हजार डिपॉझिट. मी म्हटलं योजनेत करायचंय, तर त्याने मान न वर करता समोर बोट दाखवलं. समोर योजनेचा मोठा बोर्ड, त्याच्या खाली टेबल, खुर्ची, खुर्चीच्या पाठीला एक लेडीज स्वेटर, माणूस नाही. आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचे कागद बघणारं माणूस, सकाळी येतील म्हणे. तोवर? तोवर डिपॉझिट.

आता मी स्वतः एका ट्रान्सपोर्ट कंपनीत बिलिंग करते, दिवसभर दुसऱ्यांच्या चुकीच्या सह्या पकडते. त्या रात्री मी २० हजार स्वाइप केले आणि जिथे बोट ठेवलं तिथे सही केली. सकाळी उजेडात कॉपी पाहिली तर त्यावर पेशंटचा प्रकार, त्यापुढे टिक, कॅश.

इथे एक गोष्ट सांगते जी मला नंतर कळली. इमर्जन्सीत कागद हातात नसले तरी हॉस्पिटलने फोनवरून कळवून तात्पुरती मंजुरी घ्यायची सोय योजनेत आहे, टेलिफोनिक इंटिमेशन म्हणतात त्याला, आणि कागद आणायला ७२ तास मिळतात. हेल्पलाइनचा नंबर १५५३८८, दुसरा टोल फ्री १८००२३३२२००. मला हे रात्री साडेबाराला माहीत असतं तर तिथेच उभं राहून फोन लावला असता. माझ्या मोबाईलमध्ये तेव्हा गॅसवाल्याचा नंबर होता, केबलवाल्याचा होता, हा नव्हता.

सकाळी पावणेदहाला आरोग्यमित्र आली, पंचवीस-सव्वीसची मुलगी, दिव्याहून गर्दीत चेंगरून आलेली, आल्या आल्या तो स्वेटर घातला आणि म्हणाली ताई रेशनकार्ड आणि आधार द्या. आईने एलआयसीच्या प्लास्टिक कव्हरातून कार्ड काढलं. आमचं कार्ड बघायला पाहिजे तुम्ही. हाताने लिहिलेलं, घड्यांवर सेलोटेप, आत रॉकेलच्या रकान्यात निळे शिक्के, आणि मग पानंच्या पानं कोरी. केशरीवाल्यांना आम्हाला धान्य बंद झालं तसं त्या कार्डाकडे कोणी बघितलंच नाही, गॅस कनेक्शनला आणि पोरांच्या शाळेला एकेकदा झेरॉक्स काढली असेल. धान्य नाही म्हणून दुकानात जाणं नाही, दुकानात जाणं नाही म्हणून आधार जोडणं नाही, अंगठा लावणं नाही. आणि योजना बघते कार्डाचा ऑनलाइन बारा आकडी नंबर. आमच्या कार्डावर तो नंबरच नव्हता.

ती म्हणाली, ताई शिधावाटप ऑफिसला जावं लागेल. म्हटलं जाते. मग तिनेच कपाळाला हात लावला, आज शनिवार. सरकारी ऑफिसं २०२० पासून पाच दिवसांची झालीत ना. सोमवारपर्यंत आम्ही कॅश पेशंट.

तेवढ्यात बिलिंगवाल्याने आणखी एक सोडून दिलं, मॅडम एकदा कॅशमध्ये ॲडमिट झालं की नंतर योजनेत टाकता येत नाही, पॉलिसी आहे. कोणाची पॉलिसी? हॉस्पिटलची. मी खाली आवारात वडाच्या पारावर जाऊन हेल्पलाइनला फोन लावला. सात-आठ मिनिटं पेटीवाली गाणी ऐकवली पण मग जी बाई बोलली ती नीट बोलली, पेशंट अजून ॲडमिट आहे ना, मग योजनेत घेता येतं, हॉस्पिटलचं नाव सांगा, आमचे जिल्हा समन्वयक बोलतील. तक्रार नंबर दिला. तो नंबर मी हातावर पेनाने लिहिला आणि तोच हात काउंटरवर ठेवला. दुपारपर्यंत पॉलिसी बदलली होती.

बारा आकडी नंबर मिळाला रेशन दुकानात. दुकानदार काका जेवायला बसलेले, आईला ओळखत होते पण कार्ड ओळखेनात. त्यांच्या मशीनवर बाबांचं आधार टाकलं, काही येईना, कारण जोडलेलंच नाही. मग त्यांनी आतल्या खोलीतून एक छापील यादी काढली, वाळवीने कोपरे खाल्लेली, त्यात जुन्या कार्ड नंबरावरून बोट फिरवत फिरवत अर्ध्या तासाने आमचं नाव सापडलं आणि त्यासमोर बारा आकडे. बॉलपेनाने कार्डाच्या पहिल्या पानावर लिहून दिले. पैसे विचारले तर म्हणाले बाबा कसे आहेत ते कळवा.

म्हणून माझं सगळ्यांना एकच सांगणं आहे, कपाटातलं कार्ड आज काढा. पिवळं असो, केशरी असो, पांढरं असो. १ जुलै २०२४ पासून पांढऱ्या कार्डवाल्यांना पण योजना लागू झालीय, म्हणजे टॉवरमधले जे बाबांना गेटवर सलाम करायला लावायचे त्यांना पण. ऑनलाइन नंबर आहे का बघा, घरातल्या सगळ्यांची नावं आहेत का, आधारशी स्पेलिंग जुळतं का. कार्डच नसेल तर तहसीलदाराच्या दाखल्यावर पण होतं म्हणतात पण तो दाखला छातीत कळ आल्यावर काढायचा नसतो.

स्पेलिंगवरूनच आमचं पुढचं घोडं अडलं. कार्डावर बाबांचं नाव दत्तू. आधारवर दत्तात्रय. आजोबांनी दत्तू लिहिलं, शाळेत दत्तू, कंपनीत दत्तू, आधारच्या वेळी बाबांना वाटलं नीट पूर्ण नाव सांगावं. शनिवारी दुपारी अँजिओग्राफी झाली, समोरच्या मोठ्या नसेत ९० टक्के ब्लॉक, म्हणजे तिथे स्टेंट, नस उघडी ठेवणारी जाळी, बसवायचा. संध्याकाळी आरोग्यमित्राने रजिस्ट्रेशन केलं, वॉर्डात येऊन बाबांचा बेडवरचा फोटो काढला. बाबांनी फोटो म्हटल्यावर केसांवरून हात फिरवला आणि ती म्हणाली काका हसू नका, पेशंट वाटला पाहिजे. मग हॉस्पिटलच्या मेडको डॉक्टरांनी, म्हणजे तिथे योजनेचं काम बघणाऱ्या डॉक्टरांनी, रिपोर्ट, ईसीजी, अँजिओच्या सीडीतले फोटो असं सगळं प्री-ऑथला, म्हणजे आधी घ्यायच्या मंजुरीला, पाठवलं. रविवारी सकाळी क्वेरी आली, नाव जुळत नाही.

इथे आरोग्यमित्र म्हणाली ताई नगरसेवकाचं पत्र मिळेल का. ठाणे महापालिकेची मुदत २०२२ ला संपली होती आणि तेव्हा प्रशासक होता, मी म्हटलं अगं नगरसेवक आणू कुठून? दोघी हसलो. बाबांच्या पीएफ पेन्शनच्या कागदावर दत्तू होतं आणि बँक पासबुकावर दत्तात्रय, पेन्शन त्याच खात्यात येते. मी दोन्हीच्या झेरॉक्स शेजारी शेजारी लावल्या, एका साध्या कागदावर दत्तू आणि दत्तात्रय हा एकच माणूस आहे असं बाबांच्या सहीने हमीपत्र लिहून दिलं, आणि ते अपलोड झालं. बाबा सही करताना म्हणाले, दोन नावं असून एकावर पण धड काही मिळेना.

रविवारची रात्र बाकड्यावर. शेजारी शहापूरच्या एक मावशी होत्या, त्यांचे यजमान आठवड्यातून दोनदा डायलिसिसला. त्यांनी मला डब्यातली भाकरी दिली आणि विचारलं, सरकार एवढं फुकट का देतं गं? मी हिशेबातली बाई, मला राहवलं नाही. मावशींना जेवढं सांगितलं तेवढंच इथे लिहिते. फुकट कोणी देत नाही. सरकार दर कुटुंबामागे वर्षाला विमा कंपनीला हप्ता भरायचं, २०२० पासून युनायटेड इंडिया ही सरकारी कंपनी होती, त्याआधी नॅशनल इन्शुरन्स. दीड लाखापर्यंतचा खर्च विमा कंपनी द्यायची आणि त्यावरचा पाच लाखांपर्यंतचा, योजना चालवणारी राज्य आरोग्य हमी सोसायटी सरकारी तिजोरीतून थेट द्यायची. केंद्राच्या यादीत जी कुटुंबं आहेत, आयुष्मान भारतवाली, २०११ च्या जनगणनेच्या वेळच्या सर्व्हेतून काढलेली, त्यांच्या खर्चात केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के. बाकी आमच्यासारखे सगळे राज्याच्या खर्चात. आणि राज्याकडे पैसा येतो कुठून, तर मावशी अंगाच्या साबणापासून मोबाईलच्या रिचार्जपर्यंत कशाकशावर जीएसटी भरतातच की. मावशींना जीएसटी कळला नाही पण त्या म्हणाल्या म्हणजे आपलंच आपल्याला, चाळणीतून गाळून.

त्यांची काळजी वेगळी होती, पैसे संपतील का. पाच लाख हे पूर्ण कुटुंबाचे, एका वर्षाचे, एकट्याचे नाहीत. कोणी एकाने खर्च केले की दुसऱ्याला उरलेले. पूर्वी तर दीडच लाख होते, नुसत्या किडनी ट्रान्सप्लांटला अडीच, ते पुढे साडेचार झाले. मावशी प्रत्येक डायलिसिसची तारीख एका पानांच्या डबीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवत होत्या, रेघा मारून, गवळ्याच्या दुधासारख्या. म्हणाल्या मुलाला काही झालं तर त्याच्या वाटचं राहिलं पाहिजे.

सोमवारी सकाळी अकरा-वीसला अप्रूव्हल आलं. आरोग्यमित्राने स्क्रीन माझ्याकडे फिरवून दाखवली. माझा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच एक सूटबूटवाला कोऑर्डिनेटर आला, हातात टॅब, मला एका कोपऱ्यात नेलं आणि आवाज खाली आणून म्हणाला मॅडम योजनेतला स्टेंट बेसिक असतो, काकांच्या वयाला इंपोर्टेड टाकला तर लाइफ चांगली, फक्त डिफरन्स ४० हजार, ते इकडे कॅशमध्ये. आता त्या क्षणाला बाप स्ट्रेचरवर असतो. कोणीही हो म्हणेल. माझ्या तोंडात पण हो आलं होतं.

पण रात्री मावशींना हिशेब सांगून सांगून माझं डोकं जागेवर होतं. मी म्हटलं, कुठला स्टेंट, कंपनी कुठली, योजनेतला कुठला आणि हा कुठला, आणि ४० हजारांची पावती काय नावाने देणार, हे सगळं मला लिहून द्या. तो म्हणाला लिहून कसं देणार. मी म्हटलं मग मी कसे देणार. खाली आरोग्यमित्राला विचारलं तर तिने नुसती मान हलवली, ताई एक रुपया द्यायचा नाही, औषध लावलेलाच स्टेंट बसतो, पॅकेजमध्ये आहे. स्टेंटच्या किमतीवर केंद्राने २०१७ च्या फेब्रुवारीतच मर्यादा घातलीय, तेव्हा औषधवाल्याची २९,६०० ठरली होती, पुढे ती बदलत गेली, पण हा माणूस नुसता फरकच ४० हजार सांगत होता! मी पुन्हा वर गेले आणि फक्त एवढंच म्हटलं की माझा तक्रार नंबर चालू आहे. तो म्हणाला मॅडम आम्ही ऑप्शन सांगतो फक्त, गैरसमज नको.

अँजिओप्लास्टी पाऊण तासात झाली. मनगटातून. बाबा बाहेर आले तेव्हा मनगटाला हवा भरलेला पारदर्शक पट्टा, आणि पहिला प्रश्न की चहा मिळेल का. केस पेपरवर स्टेंटच्या खोक्याचं स्टिकर चिकटवलेलं असतं, नंबरासकट, क्लेमला तेच लागतं. मी त्याचा फोटो काढून ठेवला. तुम्ही पण काढा.

मेडको डॉक्टर भले होते. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी मी त्यांना सरळ विचारलं की तुमची माणसं असं का करतात. म्हणाले, पॅकेजचा रेट ठरलेला, बाहेर हेच करायला आम्ही जे सांगतो त्याच्या निम्म्याहून कमी, त्यात बेड, औषधं, स्टेंट, जेवण सगळं बसवायचं, आणि क्लेमचे पैसे यायला महिने, आमचे ऑक्टोबरचे अजून आले नाहीत. मॅनेजमेंट म्हणतं योजनेचे बेड कमी करा. मला पटलं का? निम्मं पटलं. रेट कमी असेल, पैसे उशिरा येत असतील तर सरकारशी भांडा, योजनेतून बाहेर पडा, पण बोर्ड लावून ठेवायचा आणि स्ट्रेचरजवळ ४० हजार मागायचे हे कुठलं? पण हेही खरं की पैसे असेच अडकले तर आत राहिलेली हॉस्पिटलं पण एकेक करून जातील, आणि मग माझं ऑनलाइन झालेलं कार्ड घेऊन मी जाणार कुठे.

डिस्चार्जला दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या. आणि रजिस्टरवर सही घेऊन परतीच्या प्रवासाचं भाडं, शंभर रुपये. ठाण्यातल्या ठाण्यात. बाबांनी रिक्षा नको म्हणत टीएमटीचाच हट्ट धरला कारण भाडं बसचं दिलंय म्हणे. छातीत स्टेंट घेऊन हा माणूस स्टॉपवर उभा राहिला असता, मी ओढून रिक्षात घातलं.

राहिले माझे २० हजार. बिलिंगने हिशेब दिला, शुक्रवार रात्रीपासून योजनेत नाव चढेपर्यंतचे १३,४०० कापले, अँजिओग्राफी धरून, परत मिळणार ६,६००. मी म्हटलं अँजिओप्लास्टी झाली की अँजिओग्राफी पॅकेजात धरतात असं मला तुमच्याच माणसाने सांगितलंय. त्यावर मॅनेजर सुट्टीवर. पुन्हा हेल्पलाइन, जुन्या तक्रारीत नवीन मुद्दा, पावत्यांचे फोटो, दर तिसऱ्या दिवशी फोन. तेविसाव्या दिवशी ११,५६० खात्यात आले. मेडिकल स्टोअरची दोन बिलं होती १,८४० ची, ती काही केल्या मिळाली नाहीत, आणि तिथे मी सोडून दिलं, रजा संपल्या होत्या.

तर जे विचारतायत एक रुपया नाही लागला का, त्यांना हिशेब, १,८४० ते, ७०० ईसीजीचे, आमची रिक्षा-वडापाव धरून अडीच हजार, माझ्या पाच रजा. आणि आता दर महिन्याच्या गोळ्या, त्या योजनेत नाहीत. रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या निदान वर्षभर एक दिवस चुकवायच्या नाहीत असं डॉक्टरांनी तीनदा बजावलंय. डॉक्टरांना विचारून आम्ही जनऔषधी दुकानातून घेतो, तिथे निम्म्याच्याही आत पडतात. शेजारच्या आजोबांना ७२ पूर्ण आहेत, त्यांचं मी आधारवरून आयुष्मान भारतचं वय वंदना कार्ड काढून दिलं, ते ऑक्टोबर २०२४ पासून ७० च्या वरच्यांना मिळतं, उत्पन्न विचारत नाहीत, घरच्यांचे पाच लाख आहेत त्याच्याशिवाय त्यांचे त्यांचे वेगळे पाच लाख. त्यांचा अंगठा उमटेना म्हणून चार वेळा हात धुवायला लावले.

मागच्या बुधवारी बाबांना घेऊन शिधावाटप ऑफिसला गेले, दत्तूचं दत्तात्रय करायला आणि दोघांचं आधार जोडायला. खिडकीतल्या माणसाने कार्ड उलटंपालटं केलं, सेलोटेप बघितली आणि म्हणाला, अहो काका तुम्हाला धान्य तर लागू नाही, मग कशाला एवढी घाई. बाबा काही बोलले नाहीत. शर्टाची बाही वर सारली आणि मनगटावरचा तो काळपट ठिपका खिडकीत धरला. त्या माणसाला काही कळलं नसावं. फॉर्म घेतला, शिक्का मारला आणि पंधरा दिवसांनी या म्हणाला.